जायकवाडीला पाणी सोडायचेच, तर वेळेत सोडा

महोदय,

पाऊस ओढ देतो त्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्यावरून नाशिक-अहिल्यानगर विरुद्ध मराठवाडा हा वाद ठरलेलाच. खरे तर भांडायला फारसे उरलेले नाही. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा खोऱ्यातल्या धरणांनी तूट सारखी वाटून घ्यावी असे सांगतो. त्याचे कोष्टक मेंढेगिरी समितीने दिले, आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटप उचलून धरले. त्या कोष्टकानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी उपयुक्त (म्हणजे वापरता येणारा) साठा असेल तर वरून पाणी सोडायचे. घोडे अडते ते सोडण्याच्या रीतीत.

२०२३ मध्ये ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश ३० ऑक्टोबरला निघाला. पाणी सुटले नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर पात्र सुकते, पाणी अडवायला कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या खाचांत फळ्या बसतात, काठावर रब्बीची पेरणी होऊन मोटारी सुरू होतात. मग सुटलेले पाणी आधी वाळू पिते, नंतर बंधारे, नंतर मोटारी. काठच्या शेतकऱ्याला चोर म्हणणे सोपे आहे, पण बी-खत मातीत घातल्यावर तो पाणी उचलणारच.

म्हणून पाणी सोडायचे की नाही याचा निर्णय होईपर्यंत प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या ज्या टप्प्यांतून ते जायचे तिथे फळ्या बसवूच नयेत. बसवल्या असतील तर पाणी सोडण्याआधी काढाव्यात. प्रवाह आला की पाण्याच्या दाबाने फळी खाचेत अशी आवळते की ती उपसून निघत नाही. विसर्गही मोठा हवा. एक टीएमसी म्हणजे दिवसभराचे सुमारे ११,५७४ क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट). हजार क्युसेकने सोडले तर साडेअकरा दिवस लागतात, चार हजारांनी तीन दिवसांत काम होते. जितके दिवस जास्त, तितका वहनव्यय, म्हणजे वाटेत होणारी पाण्याची घट, जास्त.

धरणाच्या पायथ्याशी, शेवटच्या बंधाऱ्यावर आणि नाथसागराच्या (जायकवाडीच्या जलाशयाच्या) तोंडाशी पातळीची नोंद दर तासाला व्हावी व ती रोज जाहीर व्हावी. पुरात वाळू सरकून पात्र बदलते, त्यामुळे पातळीवरून विसर्ग काढण्याचे कोष्टक पावसाळ्यानंतर पुन्हा तपासायला हवे. जुन्या कोष्टकावर काढलेल्या आकड्याला दोन्हीकडचे लोक खोटाच म्हणतील.

मराठवाड्यानेही आपला हिशेब चोख ठेवावा. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आहे. शेतकऱ्यांच्या सिंचन व्यवस्थापनाचा कायदाही २००५ चाच; त्यानुसार पाणी वापर संस्थांना घनमापनाने, म्हणजे घनमीटरमध्ये मोजून, पाणी द्यायचे आहे. एक क्युसेक दिवसभर चालले तर २,४४७ घनमीटर भरते; पाण्याच्या एका पाळीला आठ सेंटिमीटर पाणी धरले तर तीन हेक्टर भिजते. लघुवितरिकेच्या (शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या चारीच्या) मुखाशी प्रवाह मोजण्याचा फ्ल्युम, म्हणजे ठरावीक मापाची अरुंद वाट, फुटलेला असेल तर हा हिशेब लागणार कसा? आणि तो लागला नाही, तर ‘आमचे पाणी गेले कुठे’ हा वरच्या शेतकऱ्याचा प्रश्न रास्तच ठरतो. त्यामुळे फ्ल्युमची दुरुस्ती कालव्याला पाणी सोडण्याच्या पहिल्या आवर्तनाआधी झाली पाहिजे.

– एक सिंचन अभ्यासक, पैठण