माध्यास, चार स्क्रीनबद्दल

पुणे, १४ जून

प्रिय माध्या,

चार मॉनिटर लावायचे म्हणून तू गेमिंगचं १२ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघालास, हे वाचून कपाळावर हात मारला. अरे, तुला सकाळी ९:१५ ते दुपारी ३:३० शेअरबाजाराचे चार्ट बघायचेत. त्याला एवढा रेडा कशाला पाळायचा?

थोडं गणित कर. ४के स्क्रीनवर ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाइट. एका स्क्रीनचं चित्र धरायला कार्डाची साधारण ३३ एमबी मेमरी झाली. चारही स्क्रीन ४के धरल्या तरी १३२. वर विंडोज आणि ब्राउझर खातील ते खाऊ दे, तरी तुझ्या कामाला ४ जीबी पुष्कळ. आधी मोजायचे ते पोर्ट, म्हणजे स्क्रीनची केबल खोचायच्या जागा, आणि त्यातून एका वेळी किती स्क्रीन चालतात ते. जुन्या कार्डांत हा घोळ फार. मागे तीन पोर्ट दिसतात, चालतात दोनच.

माझी फजिती तुला कधी सांगितली नव्हती. कार्डावर तीन स्क्रीन लावल्या आणि चौथी मदरबोर्डच्या एचडीएमआयला. चौथी काळीकुट्ट! रात्री एकपर्यंत केबली बदलत बसलो. शेवटी कळलं, कार्ड बसवलं की बरेच मदरबोर्ड स्वतःचं ग्राफिक्स गुपचूप बंद करतात. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन ते चालू करावं लागतं. ते केलं, स्क्रीन उजळली, पण माउस चिखलातून ओढल्यासारखा. तो एचडीएमआय जुन्या १.४ आवृत्तीचा निघाला, म्हणजे ४के फक्त ३० हर्ट्झवर, सेकंदाला ३० वेळाच चित्र बदलतं. दिवसभर तसं बघून डोळे चुरचुरायला लागले. ६० च्या खाली जाऊ नकोस.

म्हणून माझं मत एनव्हिडियाच्या टी१००० कार्डाला. त्याला चार मिनी डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखाच स्क्रीनचा दुसरा पोर्ट), चारही १.४ आवृत्तीचे; एचडीएमआयच्या १.४ शी याचा संबंध नाही. चार ४के स्क्रीन ६० हर्ट्झवर चालतात. वीज खातं ५० वॉट. मदरबोर्डच्या ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसतं त्यातूनच ७५ मिळतात, त्यामुळे वेगळी पॉवर केबल नको आणि तुझा जुना एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदलायला नको. त्याचा धाकटा भाऊ टी४०० स्वस्त आहे, पण त्याला पोर्ट तीनच. मोहात पडू नकोस. गेमिंग कार्डाचं आणखी एक: वेगवेगळ्या रिफ्रेश रेटच्या, म्हणजे वेगवेगळ्या हर्ट्झच्या, स्क्रीन जोडल्या की कधी कधी त्याची मेमरी रिकामपणीही पूर्ण वेगात धावत राहते आणि कार्ड तापतं. मे महिन्यात सांगलीत ती शेगडी टेबलाखाली कोण ठेवणार?

मिनी डिस्प्लेपोर्टच्या केबली वेगळ्या घ्याव्या लागतील, त्यांचे पैसे आधीच धर. तुझ्या दोन जुन्या मॉनिटरना फक्त व्हीजीए, तो जुना निळा पोर्ट, आहे ना? मग त्यांना ॲक्टिव्ह कन्व्हर्टर, म्हणजे सिग्नलच बदलून देणारा, लागेल, साधी पिन बदलून भागत नाही. लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड बघणार असशील तर बघ, पण कार्डासोबत ते कॅबिनेटला घट्ट बसवायच्या लांब आणि आखूड दोन्ही धातूच्या पट्ट्या मागून घे. आखूडच मिळाली तर तुझ्या मोठ्या कॅबिनेटमध्ये कार्ड लोंबकळत राहील. माझ्या मेव्हण्याने ते सुतळीने बांधलं होतं. खोटं नाही सांगत.

तेव्हा पैसे द्यायच्या आधी कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा आणि चारही मॉनिटरच्या पोर्टचा फोटो पाठव. केबलींची यादी मीच करून देतो.

वहिनींना नमस्कार, आणि हळद पाठवायची विसरू नकोस.

तुझा,
शिऱ्या