शैवालाच्या पेशी मोजल्या, पण त्यांतल्या जिवंत किती?

महोदय,

जलाशयांच्या पाण्याविषयीच्या बातम्यांत ‘मिलिलिटरमागे इतक्या पेशी’, ‘हरितद्रव्य इतके’ असे आकडे येतात. त्या पेशींपैकी जिवंत किती, हे सहसा कळत नाही. पाणी तपासणीचेच काम करत असल्याने मला ही उणीव फार खुपते.

नमुना टिकावा म्हणून त्यात लुगोलचे आयोडीन घालतात. त्याने सगळ्याच पेशी मरतात. मग आधी मेलेली कोणती आणि बाटलीत मेलेली कोणती, हे कसे ओळखणार? हरितद्रव्यही पेशीबरोबर लगेच नाहीसे होत नाही. त्यामुळे एखाद्या विषारी द्रव्याने सूक्ष्मशैवाल मरू लागले, तरी काही काळ आकडा ठीकच दिसतो.

इथे चमकणारे रंग कामी येतात. फ्लुओरेसीन डायअ‍ॅसिटेट मुळात चमकत नाही. पेशीत शिरल्यावर तिथली विकरे (एन्झाइम) ते तोडतात आणि पेशीचे पटल शाबूत असेल, तर सुटलेले फ्लुओरेसीन आतच साठते. निळ्या प्रकाशाखाली अशी पेशी हिरवीगार उजळते. हरितद्रव्य या प्रकाशात लाल चमकते, म्हणून शेजारच्या मेलेल्या पेशीत फार तर त्याची उरलीसुरली लाली दिसते. मेलेल्या पेशी रंगवायला प्रोपिडियम आयोडाइड सर्रास वापरतात, पण तेही लालच चमकते आणि हरितद्रव्याशी गल्लत होते. त्यासाठी सायटॉक्स ग्रीन बरे; मात्र दोन्ही हिरवे रंग एकाच थेंबात घालून चालत नाही, नमुन्याचे दोन भाग करावे लागतात.

ही पद्धत नवखी नाही. जहाजांच्या बॅलास्ट पाण्याचा (तोल राखायला टाक्यांत भरलेल्या पाण्याचा) आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ रोजी लागू झाला. त्यात १० ते ५० मायक्रोमीटर आकाराचे जगू शकणारे जीव मिलिलिटरमागे १० पेक्षा कमी असावेत, अशी अट आहे आणि ती तपासताना फ्लुओरेसीन डायअ‍ॅसिटेटसारखे रंग वापरले जातात. वादही तिथेच झाला: पाण्यावर प्रक्रिया करताना वापरलेल्या अतिनील किरणांनी पेशीची वाढ खुंटते, पण विकरे चालू राहतात, म्हणून रंग तिला जिवंतच ठरवतो. शिवाय सगळ्या प्रजाती रंग सारखा घेत नाहीत.

म्हणून नुसते ‘जिवंत इतके टक्के’ छापून भागणार नाही. त्याच नमुन्याचा थोडा भाग उष्णतेने मारून, रंगवून, त्याचा आकडाही अहवालात द्यायला हवा; म्हणजे मेलेल्या पेशींपैकी किती रंगामुळे जिवंत भासतात, हे कळेल. आपल्या वार्ताहरांनी तो आवर्जून मागावा. आणि हे काम ताज्या पाण्यावरच होते, तेव्हा नमुने दूरच्या प्रयोगशाळेत पाठवण्याऐवजी जलाशयाजवळच प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाची (रंगांची ही चमक दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची) सोय व्हावी, ही संबंधितांना कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक