प्रतिकारशक्ती वाढवून काय साधणार?

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत, आतड्याला सूज असणाऱ्यांनी 'प्रतिकारशक्ती वाढवायला' रोज गुळवेलीचा काढा घ्यावा, असा सल्ला छापून आला आहे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या सुजेच्या आजारांचे पेशंट काळ्या पिशवीत गुंडाळलेली शौचाच्या नमुन्याची डबी नजर चुकवून काउंटरवर ठेवतात. त्या नमुन्यात आम्ही कॅलप्रोटेक्टिन मोजतो. हे प्रथिन प्रामुख्याने न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतून येतं. एका ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असलं तर सहसा काळजी नसते. आजार उसळला की आकडा हजाराच्याही पुढे जातो. (साध्या जुलाबाच्या संसर्गातही तो वाढतो, त्यामुळे रिपोर्ट पाहून घरीच निदान करू नये.) म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पेशी कमी पडलेल्या नसतात, नको तितक्या गोळा झालेल्या असतात.

त्या का गोळा होतात, याचा एक धागा २००१ साली सापडला. नॉड-२ या जनुकातल्या बदलांचा क्रोन्सशी संबंध दोन संशोधक गटांनी दाखवून दिला. या जनुकापासून बनणारं प्रथिन पेशीच्या आत बसून जिवाणूच्या भिंतीचा म्युरामिल डायपेप्टाइड हा तुकडा ओळखतं. गंमत अशी, की क्रोन्समधले बदल ही ओळख तीव्र करत नाहीत, बोथट करतात! जिवाणूंची चाहूल वेळेवर लागत नाही, त्यांना आवर बसत नाही आणि मग भलत्याच वाटेने सूज भडकते, असं एक स्पष्टीकरण आहे. त्यावर अजून वाद आहेत. शिवाय युरोपात आढळलेले ते तीन मुख्य बदल भारतीय पेशंटमध्ये क्वचितच दिसतात. २००४ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात आतड्यातल्या नेहमीच्या जिवाणूंना ओळखण्याची यंत्रणाच बंद पाडली, तर आतड्याची इजा उलट बळावली. मग काढ्याने नेमकं काय वाढवायचं?

डॉक्टर इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं देतात ती टीएनएफ हा सूज वाढवणारा रेणू अडवायला. त्याआधी क्षयाची तपासणीही करून घेतात. एकीकडे हे चालू आणि दुसरीकडे काढा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, पण लेखात निदान त्याचा उल्लेख तरी हवा होता.

आमच्याकडे नियमित येणाऱ्या एका तरुणाने असंच काहीतरी वाचून मेसालामाइन या सूज आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. पुढच्या रिपोर्टवर सही करताना मला तो आकडा दोनदा तपासावा लागला. येत्या रविवारी त्याच जागी, त्याच टाइपात एवढं छापा: चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

— एक लॅब तंत्रज्ञ, सांगली