मुशीचा धडा बंदरावर पण शिकवूया

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मालवण तालुक्यातल्या एका शाळेत मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. मागच्या वर्षी प्राण्यांचं वर्गीकरण चालू होतं, मी फळ्यावर लिहिलं की मासे अंडी घालतात, तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, मुशीच्या पोटात गाबोळी नाय गावत, पिल्लां गावतत." मुशी म्हणजे शार्क, गाबोळी म्हणजे माशाची अंडी. तिच्या घरची रापण आहे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, आजी बाजारात मासे विकते, मुशी कापताना तिने लहानपणापासून बघितलेलं. वर्ग हसला, पण बरोबर तीच होती. घरी येऊन वाचलं तर आपल्या जाळ्यात येणाऱ्या बऱ्याचशा मुशा जिवंत पिल्लं देतात, काही जाती अंडीही घालतात, म्हणजे माझं वाक्य अर्धवट होतं आणि ते दुरुस्त केलं मासे विकणाऱ्या आजीच्या नातीने. तेव्हापासून मी शार्कच्या संशोधनाबद्दल मिळेल ते वाचतेय आणि त्यातूनच हे पत्र लिहावंसं वाटलं.

हवाई बेटांवर तिथल्या मूळ लोकांची जुनी म्हण आहे, विलीविली फुलला की मानो चावतो. मानो म्हणजे शार्क, आणि विलीविली म्हणजे चक्क आपल्या पांगाऱ्याचा भाऊबंद, दोघांचं शास्त्रीय नाव एरिथ्रिनानेच सुरू होतं. हे झाड तिथे उन्हाळा सरताना फुलायला लागतं. आता बघा, 2013 मध्ये हवाई आणि फ्लोरिडा विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास आला, त्यांनी सात वर्षं शंभरावर टायगर शार्कना ट्रान्समीटर लावून त्यांचा माग काढला होता, आणि कळलं काय तर पूर्ण वाढ झालेल्या माद्यांपैकी साधारण 25 टक्के माद्या त्याच सुमारास लांबच्या फ्रेंच फ्रिगेट शोल्स या प्रवाळ बेटाकडून माणसं राहतात त्या मोठ्या बेटांकडे येतात, बहुधा पिल्लं द्यायला. त्या शास्त्रज्ञांनी स्वतःच सांगितलं की हे जुन्या लोकांच्या सांगण्याशी जुळतं. एका म्हणीत झाड, ऋतू आणि समुद्र तिन्ही आले. मला तर यात पूर्ण आठवड्याचे तास दिसतात, फुलांचं कॅलेंडर, नकाशा, टक्केवारी, आणि उरलेल्या 75 टक्के माद्या का येत नाहीत हा प्रश्न, ज्यावर मुलं भांडली तरी चालेल.

दुसरं उदाहरण टोरेस सामुद्रधुनीचं, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या मधे. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो त्याच चांदण्यांमध्ये तिथले मूळ बेटवासी एक शार्क बघतात, नाव बायडम. संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर बायडमचं नाक क्षितिजाला टेकलं की शार्कच्या मिलनाचा काळ आला, पाण्यात उतरू नका, आणि केळी, ऊस, रताळी लावायला घ्या. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एकाने लगेच विचारलं, बाई आपल्याकडे कुठली चांदणी बघतात? मला माहीत नव्हतं. त्याच्या आजोबांना माहीत असेल, ते तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते, रात्री चांदण्यांच्या भरवशावर होडी घरी आणलेली माणसं ही.

आणि आपल्या देशातही हे घडलंय की. व्हेल शार्कला 2001 मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं, पण गुजरातच्या किनाऱ्यावर खरा फरक पडला तो 2004 पासूनच्या मोहिमेने, कथाकार मोरारी बापूंनी सांगितलं की ही माहेरी बाळंतपणाला येणारी लेक आहे, आणि जे मच्छीमार तिला मारायचे तेच जाळं कापून तिला सोडायला लागले. शाळेतली मुलंही त्या मोहिमेत होती. महाराष्ट्रातही 2018 पासून संरक्षित जीव सोडताना जाळं फाटलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे, पण ती माझ्या वर्गात मच्छीमारांच्याच मुलांना माहीत नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितलेत. किनारपट्टीच्या शाळांनी त्यातला निदान एक दिवस लिलावाच्या वेळी बंदरावर घालवावा, आणि सोबत रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातलं किंवा वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतलं कोणीतरी असावं. मुशीत नर-मादी ओळखणं अवघड नाही, नराच्या पोटाखालच्या परांना दोन दांड्या असतात, आठवीची मुलं आरामात बघून लिहू शकतात. जात कुठली, लांबी किती, नर की मादी, पोटात पिल्लं होती का, आणि तारीख. कानमुशीची (हातोडीसारख्या डोक्याच्या शार्कची) लहान पिल्लं किती आली हे तर मुद्दाम लिहायला हवं. दोन-तीन वर्षं नीट लिहिलं तर संशोधकांना पण उपयोग होईल, कारण मुशी सावकाश वाढते, पिल्लं थोडी देते, एकदा कमी झाली की भरून यायला फार वेळ लागतो.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यायला हवी. वर्गात येऊन बोलणाऱ्या आजी-आजोबांना पाहुण्या व्याख्यात्याला देतात तसं मानधन द्यावं आणि माहिती कुठे छापली तर त्यांना विचारून त्यांचं नाव घालावं, नाहीतर ज्ञान त्यांचं आणि नाव दुसऱ्याचं असं होतं. आणि पिल्लं कुठल्या खडपाजवळ (समुद्रातल्या खडकाजवळ) सापडतात ते इन्स्टाग्रामवर अजिबात टाकू नये. म्हातारी माणसं सांगतात ते सगळं खरंच असेल असं मी म्हणत नाही, पण पुस्तकासारखंच तेही तपासून बघण्याच्या लायकीचं नक्की आहे.

दिवाळीनंतर आमची आठवी बंदरावर जाणार आहे, त्या मुलीची आजी यायला तयार आहे. आपल्या मुलांच्या पानावर त्यांच्या वहीतली दोन पानं छापलीत तर बाकीच्या शाळांपर्यंत पण हे पोहोचेल, मी पाठवते.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका, मालवण तालुका