साउथॉलचा बास नीट वाजला, त्याबद्दल आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

जमैकात जन्मलेलं रेगे संगीत वाजवणाऱ्या मिस्टी इन रूट्स या बँडची ‘लाइव्ह ॲट द काउंटर युरोव्हिजन ७९’ ही एलपी आमच्या श्रवणसत्रात जशी वाजली, तशी ती तुमच्याशिवाय वाजलीच नसती. आभार उघड पत्रातून मानतोय, कारण तुम्ही दाखवलेल्या खुब्या रेगेची जुनी रेकॉर्ड घरात असलेल्या कुणाच्याही कामी येतील.

या एका रेकॉर्डसाठी एवढा खटाटोप कशाला, असं तुम्ही कधी विचारलं नाहीत. तरी सांगायला हवं. वॉलफर्ड आणि डेल्विन टायसन हे दोघे भाऊ गायला आणि त्यांच्याभोवती पश्चिम लंडनमधल्या साउथॉलची पोरं, असा हा बँड. साउथॉल ही मुख्यतः पंजाब्यांची वस्ती, आणि त्यांच्या शेजाराला कॅरिबियन बेटांवरून आलेली कुटुंबं. ४ जून १९७६ रोजी तिथे गुरदीपसिंग चग्गर या १८ वर्षांच्या मुलाचा वर्णद्वेषातून खून झाला. पुढे २३ एप्रिल १९७९ रोजी, सार्वत्रिक निवडणूक दहा दिवसांवर आलेली असताना, नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाने साउथॉलच्या टाउन हॉलमध्ये सभा लावली. विरोधात हजारो माणसं रस्त्यावर उतरली. ब्लेअर पीच हा न्यूझीलंडहून आलेला शिक्षक डोक्यात फटका बसून मरण पावला. पोलिसांनी केलेल्या चौकशीचा अहवाल २०१० मध्ये बाहेर आला, आणि फटका बहुधा पोलिसाचाच होता असं त्यात निघालं. त्याच दिवशी पोलिस पार्क व्ह्यू रोडवरच्या ‘पीपल युनाइट’ या संगीतकारांच्या सहकारी गटाच्या घरात घुसले. मिस्टीचा मॅनेजर क्लॅरेन्स बेकर याच्या कवटीला मार लागून तो कोमात गेला. घरातली साउंडची सामग्री फोडून टाकण्यात आली.

आमची ही एलपी निघाली ती याच पीपल युनाइटच्या नावावर. कार्यक्रम झाला ब्रसेल्सला, युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेला पर्याय म्हणून त्याच वर्षी भरवलेल्या मेळाव्यात. ज्यांची ॲम्प्लिफायर फोडली गेली, त्यांचं गाणं वाट्टेल तशा सामग्रीवर उरकून टाकणं आम्हाला पटत नव्हतं. तुम्हालाही ते पटलं नाही, हे महत्त्वाचं.

पहिलं काम धुण्याचं. पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या रेकॉर्डवर बुरशीची जाळी धरते आणि ती नुसत्या ब्रशने निघत नाही. तुम्ही सांगितलेलं प्रमाण असं: चार भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि लिटरभर पाण्याला बिनवासाच्या भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. मधल्या कागदी लेबलला ओल लागू द्यायची नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवायचं, कारण साबण खाचेत राहिला तर तो वाळून सुईच्या टोकावर पांढरा गोळा होऊन बसतो आणि आवाज घोगरा होतो. नळाचं पाणी वापरलं तर क्षार मागे राहतात आणि चरचर उलट वाढते. वाळवायला स्वयंपाकघरातलं ताटाळं उत्तम. रेकॉर्ड उभी राहते आणि हवा दोन्ही बाजूंनी खेळते. यात तुम्ही बजावलेली एक गोष्ट ठळक लिहायला हवी: आजी-आजोबांच्या नाट्यसंगीताच्या ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्यांना हे पाणी लावायचं नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि तबकडी कायमची जाते.

मग सुई. कार्ट्रिजच्या (सुई ज्यात बसते त्या डबीच्या) कागदावर १.८ ते २.२ ग्रॅम लिहिलेलं असताना टोनआर्मवरच्या (ती डबी धरणाऱ्या दांडीवरच्या) आकड्यावर भरवसा न ठेवता तुम्ही छोट्या काट्यावर वजन बघून बरोबर २ ग्रॅमवर आणलंत. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड जपली जाते, असा समज आहे. प्रत्यक्षात हलकी सुई जोरदार बासच्या खाचेत उडते आणि खाचेच्या भिंती ठेचते. नंतर कागदी मोजपट्टी ठेवून केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर कार्ट्रिज सरळ केलंत. याचं कारण तुम्ही समजावलंत ते मनात पक्कं बसलं. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५१ सेंटीमीटर खाच जाते, आणि बाजू संपताना जेमतेम २१. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबलेला असतो, म्हणून कार्ट्रिज जरा तिरकं असलं तरी बाजूच्या शेवटच्या गाण्यात गायकाचे ‘स’ आणि ‘श’ फाटतात. या बँडची गाणी लांब, रंगत रंगत जाणारी. भर शेवटी आवाज फाटणं परवडणारं नव्हतं.

सगळ्यात मोठी मदत मात्र बासच्या बाबतीत झाली. एलपी कापताना खालचे सूर मुद्दाम दाबून कापतात, नाहीतर खाचा एकमेकींत शिरतील. वाजवताना फोनो प्रीॲम्प (रेकॉर्डचा क्षीण आवाज वाढवणारं सर्किट) ते परत उचलतो, २० हर्ट्झपाशी जवळजवळ २० डेसिबलने. म्हणून टर्नटेबल थेट ॲम्पच्या ऑक्समध्ये (साध्या जोडणीत) लावलं की बास गायब आणि सगळं पत्र्यासारखं. उलट, टर्नटेबलमधला प्रीॲम्प चालू ठेवून वायर ॲम्पच्या फोनोमध्ये घातली, तर आवाज दोनदा उचलला जातो आणि फुटतो. टर्नटेबलमागचं प्रीॲम्पचं बटण एकदा बघून घ्यायचं, एवढंच.

खालचे सूर इतके उचलले जातात म्हणूनच हूंऽऽ असा वाढत जाणारा आवाज सुरू होतो. स्पीकरचा बास टेबलातून टर्नटेबलला हलवतो, सुई ते हलणं वाचते, ॲम्प ते परत स्पीकरला देतो. बाकी संगीतात हे चालूनही जातं, रेगेत नाही. तुमचा उपाय साधा होता: स्पीकर आणि टर्नटेबल वेगळ्या टेबलांवर, आणि टर्नटेबलखाली कडप्प्याची जाड फरशी, तिच्याखाली चार रबरी गुटके. गुटके फार कडक असतील तर उपयोग नाही, फार मऊ असतील तर फरशी डुलते. बोटाने दाबून किंचित दबतील असे हवेत. शिवाय स्पीकर कोपऱ्यातून ओढून भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर आणलेत. कोपऱ्यात बास वाढतो खरा, पण त्याचा लगदा होतो आणि एकही सूर वेगळा कळत नाही.

आणि सूर कळायलाच हवेत, कारण रेगेत चाल बास गिटारकडे असते. वन ड्रॉप या रेगेच्या ठेक्यात चार मात्रांपैकी पहिलीवर ड्रमर काही वाजवत नाही. किक आणि स्नेअर (पायाने वाजवायचा मोठा ड्रम आणि काठीने वाजवायचा छोटा) दोन्ही तिसरीवर एकत्र पडतात. गिटारचा तुटक ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, मधल्या फटींत ऑर्गन खुदखुदत असतो. समेवर ठोका ऐकायची सवय असलेला आपला कान आधी गोंधळतो. ती मोकळी जागा धरून ठेवायची तर बासची ओळ पूर्ण कानी यायला हवी, आणि बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते. मोबाइलचा किंवा मुठीएवढा स्पीकर तिथवर पोचतच नाही. त्यावर उरते नुसती गिटारची टकटक, आणि लोक म्हणतात रेगे म्हणजे सगळं सारखंच.

तुमच्या मांडणीवर ‘हाउ लाँग जाह’ लागलं तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. ‘घेटो ऑफ द सिटी’त शब्द संपतात आणि वाद्यं पुढे चालत राहतात, तिथे लोक बोलायचे थांबले. रेकॉर्डच्या सुरुवातीचं निवेदनही स्वच्छ आलं. आधी ते चरचरीत बुडत होतं. बीबीसी रेडिओचे निवेदक जॉन पील या रेकॉर्डच्या एवढे प्रेमात का होते, हे आता कळतं. इंग्लंडच्या रस्त्यावर मार खाल्लेली ही पिढी गाताना घाई करत नाही, आवाज चढवत नाही, एकेक प्रश्न बासवर ठेवून पुन्हा पुन्हा विचारते. आमच्या मते या काळातल्या ब्रिटिश रेगेच्या लाइव्ह रेकॉर्डमध्ये हिच्या तोडीची दुसरी नाही.

या कामाचे तुम्ही पैसे घेतले नाहीत, वर काटा आणि मोजपट्टी आमच्याकडेच ठेवून गेलात. दोन्ही जपून आहेत. लंबवर्तुळी टोकाची सुई ३०० ते ५०० तासांत बदलायची म्हणालात, म्हणून प्रत्येक बाजूची नोंद वहीत होतेय. पुढच्या सत्राला त्यांचीच १९८५ ची ‘मुसी-ओ-तुन्या’ लावायची आहे. ती स्टुडिओतली आहे, बास वेगळा बसेल. स्पीकर हलवावे लागतील का, ते तुम्ही आधी येऊन एकदा ऐकून सांगावं, ही विनंती.

आपले कृतज्ञ,
श्रवणसत्राची मंडळी