राउनहाइमच्या फलाटावरच्या चाचांना

चाचा, सलाम.

तुम्हाला मराठी येत नाही, मला तुर्की येत नाही, आणि तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल अशी आशा धरायला काही आधार नाही. तरी लिहितोय. जर्मनीहून परत येऊन महिना उलटला, पण रात्री कारखान्याचं शटर ओढताना तो फलाट आठवतो आणि गळा दाटून येतो. निदान आपल्या माणसांसमोर तरी तुमचे आभार मानून टाकावेत, म्हणून हे उघड पत्र.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझे 12 माग आहेत, त्यांवर टॉवेल विणतो. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, कामगारांशी कधी कन्नड तर कधी हिंदी. आमच्या पूर्व भागात चार भाषा बोलणं ही काही विशेष गोष्ट नाही, ज्याला त्याला येतात. त्या चार भाषांच्या जोरावर मी आयुष्यात कुठे अडलो नव्हतो. विमानातून उतरलो आणि चारींतली एकही उपयोगाची राहिली नाही.

फ्रँकफर्टला दर जानेवारीत हाइमटेक्स्टिल भरतं. चादरी, पडदे, टॉवेल, घरात लागणाऱ्या सगळ्या कापडाचं हे प्रदर्शन 1971 पासून चालू आहे. आमच्याकडचे मोठे कारखानदार तिथं वर्षानुवर्षं जातात. मी पहिल्यांदाच निघालो होतो. एकटा, आणि देशाबाहेर पाऊल टाकण्याचीही पहिलीच वेळ. स्टॉल घेण्याएवढा पैसा नव्हता, नमुने बॅगेत भरून हिंडायचं ठरवलं होतं. दिवस गड्ड्याचे, म्हणजे आमच्या सिद्धरामेश्वरांच्या जत्रेचे. नंदीध्वजांची मिरवणूक असताना मी गावात नाही, असं जन्मात पहिल्यांदा घडत होतं. आईला ते आवडलं नव्हतं, पण तिनं सिद्धरामेश्वरांच्या विभूतीची पुडी माझ्या पाकिटात ठेवली आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसला सोडायला स्टेशनवर आली.

आता जे पटलं नाही तेही सांगतो, कारण त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कळणार नाही.

आमच्या गावातल्या एका एजंटानं माझं तिकीट, व्हिसा, हॉटेल सगळं केलं होतं. पैसे आधी पूर्ण घेतले. "काका, हॉटेल प्रदर्शनापासून पायी पाच मिनिटं. विमानतळावर तुमच्या नावाची पाटी घेऊन माणूस उभा असेल. फोनचं पॅक चालू करून दिलंय." हे तिन्ही खोटं निघालं. हॉटेल फ्रँकफर्टमध्ये नव्हतंच, शेजारच्या ऑफनबाख गावात होतं. पाटी घेतलेली बरीच माणसं उभी होती, एकेकाची पाटी मी तीन-तीनदा वाचली, माझं नाव कुठेच नव्हतं. दीड तास उभा राहिलो. फोन मुका. विमानतळाच्या वायफायवरून एजंटाला लावला, तर त्याचा फोन बंद. सोलापुरात तेव्हा रात्रीचा दीड वाजून गेला होता.

विमानात शेजारी आपल्याच राज्यातले दोन व्यापारी होते, तेही प्रदर्शनालाच निघालेले. माझी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी त्यांनी आवडीनं खाल्ली. "उतरल्यावर सोबतच जाऊ, काळजी कशाला करता," असं स्वतःहून म्हणाले. सामानाच्या पट्ट्यावर त्यांच्या बॅगा आधी आल्या. त्यांनी लांबूनच मान हलवली आणि गेले. त्यांना न्यायला गाडी आली होती हे मला नंतर काचेतून दिसलं. मी मागे पळालो नाही. पण भाकरी ज्यानं वाटून खाल्ली तो माणूस असा निघून जातो, हे मला अजून पचलेलं नाही.

चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं हॉटेलचा कागद बघितला, "एस आठ" म्हणाला आणि खाली बोट दाखवलं. मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा "एस आठ" म्हटलं आणि माझ्या मागच्याकडे बघायला लागला. टर्मिनलच्या खालीच लोकलचं स्टेशन आहे. तिथं एस आठ आली, मी चढलो. एस आठ दोन्ही दिशांना जाते. नंबर तोच. एक ऑफनबाखकडे, दुसरी माइन्झवरून वीसबाडेनकडे. एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. डब्यातल्या नकाशात ऑफनबाख शोधत राहिलो आणि ते माझ्यापासून लांब लांब जाताना दिसलं, तेव्हा घाबरून पुढच्या स्टेशनवर उतरलो. पाटी होती राउनहाइम.

चाचा, तुम्ही त्या गावचे, म्हणून तुम्हाला ते स्टेशन साधं वाटत असेल. मला ते कसं दिसलं ते सांगतो. रात्रीचे साडेदहा. फलाटावर चिटपाखरू नाही, तिकीट खिडकी नाही, चहाचा गाडा नाही, हमाल नाही. सोलापूर स्टेशन मी रात्री दोन वाजताही बघितलंय, तिथं दोन वाजताही कुणी ना कुणी जागं असतं. आणि ती थंडी! आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 43-44 पर्यंत जातो, तो सोसायची सवय आहे. ही थंडी वेगळीच, नाकातून आत शिरून डोळ्यांत पाणी आणणारी. अंगात पातळ कोट. शेवटी नमुन्यांची बॅग उघडली, हाताला लागला तो टॉवेल काढला आणि गळ्याभोवती गुंडाळला. त्या बाकावर बसून मी आईला हाका मारल्या. पन्नाशीच्या जवळ आलेला माणूस मी, लिहितानाही संकोच वाटतो, पण खरं ते खरं.

तेवढ्यात तुम्ही आलात. पांढऱ्या मिशा, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी. माझ्याकडे बघितलंत, पुढे गेलात, आणि परत फिरलात.

तुम्ही आधी मला काहीच विचारलं नाही. माझ्या गळ्यातल्या टॉवेलचं टोक धरलंत आणि अंगठा आणि बोट यांच्यामध्ये त्याचे लूप चोळून बघितलेत. मग उलटा करून मागची बाजू बघितली. मग किनारीवरून नख फिरवलंत. चाचा, मी हादरलो. हे तीन हात याच क्रमानं कोण फिरवतो ते मला माहीत आहे. गिऱ्हाईक नुसतं गाल लावून मऊपणा बघतं. मागची बाजू आणि किनार बघतो तो विणणारा.

"हावलू," तुम्ही म्हणालात. मला कळलं नाही. तुम्ही छातीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "बाबा. हावलू. देनिझली."

बाबा हा शब्द तुमच्याकडेही वडिलांसाठीच आहे, हे मला तिथं फलाटावर उमगलं. देनिझली हे तुर्कस्तानातलं टॉवेलांचं गाव, आमच्या धंद्यात हे नाव सगळ्यांना ठाऊक असतं. मीही छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, "बाबा. टॉवेल. सोलापूर." माझे वडील दुसऱ्याच्या मागावर टॉवेल विणायचे. तुम्ही म्हणालात, "हिंदिस्तान?" मी मान हलवली. मग तुम्ही रुळांच्या पुढे अंधारात बोट दाखवून "ओपेल" म्हणालात आणि हातानं कसलंसं यंत्र फिरवून दाखवलंत. बापाचा माग गावाकडे सोडून तुम्ही मोटारीच्या कारखान्यात आयुष्य काढलंत, असा मी त्याचा अर्थ लावला. घरी आल्यावर वाचलं, 1961 साली जर्मनीनं तुर्कस्तानशी करार करून कामगार नेले होते. तुम्ही त्यानंतरच कधीतरी गेला असणार. आमचेही पूर्वज तेलंगणातून मागाच्या मागे सोलापूरला आले. पोटासाठी गाव सोडलेल्या घरातला माणूस दुसरा तसा माणूस ओळखतो, असं मला वाटतं.

एक सांगायचं राहिलं. आमच्या सोलापुरात या टॉवेलला पिढ्यान्‌पिढ्या "टर्किश टॉवेल" म्हणतात. दुकानाच्या पाटीवर तेच, बिलावर तेच. लहानपणापासून हा शब्द रोज शंभरदा ऐकला. खरा टर्किश माणूस मात्र मी पहिल्यांदा त्या रात्री बघितला.

आणि मग तुम्ही ते केलंत, ज्यासाठी हे पत्र आहे.

तुम्ही माझ्या गळ्यातला टॉवेल सोडवलात. मी तो कसातरी पिळून गुंडाळला होता. तुम्ही तो झटकलात, उभा धरलात, आणि दोन्ही किनारी आत घालून लांबीला तीन पदरी घडी केलीत. किनारी आत, चाचा! अशी घडी घातली की विणीची पट्टी चुरगळत नाही आणि नमुना दुसऱ्या दिवशी दाखवण्यालायक राहतो. माझे वडील असं शिकवायचे. घडी चुकली की टॉवेल हातातून काढून घ्यायचे आणि न बोलता स्वतः पुन्हा घालायचे. त्या काकडवणाऱ्या थंडीत, समोर थरथरणारा अनोळखी माणूस असताना, तुम्ही त्याच्या मालाची काळजी घेतलीत. सावकाश, सपाट हातानं. मग ती घडी माझ्या कोटाच्या आत छातीवर ठेवलीत, नीट दाबलीत आणि कोटाचं वरचं बटण लावलंत. माझ्या बोटांना ते लागत नव्हतं. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत माझं बटण कुणी लावलं नव्हतं.

भीती तिथंच गेली. गाडी अजून मिळाली नव्हती, हॉटेल कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण भीती गेली.

पुढचं थोडक्यात. तुम्ही कागद बघितलात, "तमाम, तमाम" म्हणत मला दुसऱ्या फलाटावर नेलंत. आमच्याकडे तमाम म्हणजे सगळे, तुमच्याकडे म्हणजे ठीक आहे. मधे एक गाडी आली आणि गेली. ती तुमची होती. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, तिथल्या तिथं कळलं असतं तर मी तुम्हाला ढकलून बसवलं असतं. माझी गाडी आल्यावर तुम्ही डब्यातल्या एका पोरीशी बोललात, आणि तिनं ऑफनबाखच्या मार्क्टप्लाट्झला मला खांद्याला हात लावून उतरवलं. मी तो टॉवेल तुम्हाला द्यायला बाहेर काढला, तर तुम्ही माझ्या छातीवर हात ठेवून पुन्हा आत ढकललात. दार बंद होताना म्हणालात, "उस्ता." उस्ता म्हणजे कारागीर, तेही मी आता शोधलं. आमचा उस्ताद त्याचाच भाऊ दिसतो.

आमच्या गावात भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे, आता ते स्मारक आहे. 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि 1942 साली, वयाच्या 32 व्या वर्षी, तिथंच वारले. सोलापूरच्या प्रत्येक पोराला ही गोष्ट येते. आम्ही ती नेहमी देणाऱ्याच्या बाजूनं ऐकली, आपला माणूस केवढा मोठा म्हणून. दूर कुठंतरी जमिनीवर पडलेल्या त्या चिनी सैनिकाला परक्या माणसाचा हात अंगाला लागल्यावर काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. राउनहाइमला आला. तुम्ही माझा जीव वाचवला नाहीत, तेवढं मोठं संकटही नव्हतं. पण हात तसाच होता.

चांगुलपणा शिकवून येतो की रक्तात असतो, मला माहीत नाही. एजंट शिकलेला आहे, ते दोन व्यापारी माझ्याहून कितीतरी श्रीमंत आहेत, खिडकीतल्या माणसाला माणसांना वाट सांगायचाच पगार मिळतो. या चौघांनाही माझी भाषा कळत होती किंवा निदान माझा कागद वाचता येत होता. तुम्हाला माझा एकही शब्द कळत नव्हता, आणि थांबलात तुम्ही.

परवा सोलापूर स्टेशनबाहेर विजयपूरकडचं एक कुटुंब उभं होतं. गाणगापूरला जायचं होतं, रिक्षावाले चारी बाजूंनी ओढत होते, म्हातारीच्या डोळ्यांत तीच भीती. मी गाडी लावली, कन्नडमधून बोललो, एसटी स्टँडवर नेऊन बसमध्ये बसवलं. म्हातारीची चादर खांद्यावरून घसरत होती, ती नीट केली. माझ्या बायकोनं विचारलं, एवढा उशीर का. मी तिला तुमची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

प्रदर्शन झालं. दारात हातोडा मारणारा धातूचा तो उंच काळा माणूस आहे ना, त्याच्याखालून चार दिवस बॅग घेऊन जात-येत होतो. माल बऱ्याच जणांना दाखवला. तो एक टॉवेल मात्र कुणाला दाखवला नाही.

तो माझ्या टेबलाच्या खणात आहे, तुम्ही घातलेल्या घडीत. नमुन्यांच्या वहीत त्याचा नंबर 14 आहे. कारखान्यात आता त्याला नंबरानं कुणी ओळखत नाही, सगळे "चाचांचा टॉवेल" म्हणतात. कधी हिंदिस्तानात आलात तर तो तुमचाच आहे. घडी मी मोडलेली नाही.

तुमचा,
सोलापूरचा टॉवेलवाला