पट ६४, ग्राह्य ५९ : शाळा व्यवस्थापन समितीचं गावाला आवाहन

ग्रामस्थ, पालक आणि नोकरीधंद्यासाठी बाहेरगावी असलेले माजी विद्यार्थी, सर्वांना नमस्कार.

आपल्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या हजेरीपटावर पहिली ते पाचवीची ६४ मुलं आहेत. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, मात्र आजच्या घडीला ५९ धरली जातील, कारण पाच मुलांची नोंद शासनाच्या विद्यार्थी पोर्टलवर वैध ठरलेली नाही. हा पाचाचा फरक कागदी वाटेल, पण तिसऱ्या शिक्षकाचं पद त्यावरच टिकून आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन. पट ६० वर आला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनात दुसऱ्या गावी जातो. उरलेल्या दोघांनी मग पाच वर्ग सांभाळायचे. एक जण पहिली-दुसरीला अक्षरओळख करून देत असेल, तर दुसऱ्याने तिसरी, चौथी आणि पाचवी एकाच खोलीत बसवून तीन इयत्तांचं गणित घ्यायचं. केंद्रप्रमुखांच्या बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला एक जण गेला की उरलेला एकटाच.

गेलेलं पद परत मिळवणं आणखी अवघड आहे. मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर नवीन पद मंजूर होण्याचे निकष असलेलं पद टिकवण्यापेक्षा कडक झाले. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी दोन मुलं वाढवू, शिक्षक परत येईल’ हा हिशेब चालत नाही. ३० सप्टेंबरची पटसंख्या धरली जाते. त्याआधी काम व्हायला हवं, म्हणून पैशांच्या आधी हे मागणं.

त्या पाच मुलांची अडचण नेमकी काय? दोघांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक आणि शाळेच्या नोंदीत दुसरं आहे. एकाच्या जन्मतारखेत महिन्याचा फरक आहे. एकीचं आधार अजून काढलेलंच नाही. पाचवं मूल आधी तालुक्याच्या एका खाजगी शाळेत होतं. तिथल्या फीची बाकी राहिली म्हणून त्या शाळेने पोर्टलवरून नाव सोडलेलं नाही. दाखला नाही म्हणून कुठलीही सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, कायदा तसं स्पष्ट सांगतो, आणि मूल आपल्या वर्गात बसतंही आहे. पण पोर्टलला ते दोन ठिकाणी दिसतं आणि आपल्याकडे मोजलं जात नाही.

शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद खाडाखोड करून बदलता येत नाही, वरची मंजुरी लागते. जन्मदाखला आणि रजिस्टर जुळत असेल तर आधार दुरुस्त करणं सोपं. त्यासाठी पालकांना एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या आधार केंद्रावर जावं लागतं, आणि इथेच सगळं अडतं. ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांनी एका दिवसासाठी गाडी द्यावी. चार मुलं आणि त्यांचे पालक एका फेरीत जाऊन येतील. पाचव्या मुलासाठी त्या खाजगी शाळेत समितीचे दोन सदस्य आणि गावातलं एखादं वडीलधारं माणूस सोबत जावं, असं ठरलं आहे.

आता शाळा कोण चालवतं, याबद्दल. गावात नेहमी ऐकू येतं की समिती काही करत नाही. समितीच्या हातात काय आहे, ते आधी पाहा. शिक्षकांचा पगार राज्य शासन देतं, तो जिल्हा परिषदेमार्फत ‘शालार्थ’ या ऑनलाइन पगार प्रणालीतून होतो. बदल्या जिल्ह्यावरून ऑनलाइन होतात. इमारत जिल्हा परिषदेची, तिची मोठी दुरुस्ती बांधकाम विभागाची. पाठ्यपुस्तकं बालभारतीची, मोफत. पोषण आहाराचा तांदूळ केंद्र सरकारचा. देखरेखीची साखळी केंद्रप्रमुख, शिक्षण विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी (प्राथमिक) अशी वर जाते. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तिथे प्रशासक आले. तेव्हापासून आपला अर्ज वर रेटणारा निवडून आलेला सदस्य किती महत्त्वाचा असतो, हे सगळ्यांनाच कळलं.

समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात, अध्यक्ष पालकांमधला आणि मुख्याध्यापक सचिव. शाळा विकास आराखडा करणं, अनुदानाच्या खर्चावर आणि पोषण आहारावर लक्ष ठेवणं, मुलांची व शिक्षकांची हजेरी पाहणं, एवढा आपला अधिकार. शिक्षक नेमणं किंवा हलवणं आपल्या हातात नाही. ‘अमक्या गुरुजींची बदली करा’ असे अर्ज घेऊन समितीकडे येण्यात कुणाचाच फायदा नाही.

पैशाचं चित्र असं आहे. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला एकत्रित अनुदान मिळतं. ते पटावर ठरतं: ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००. आपल्याला वर्षाला २५,००० म्हणजे मुलामागे ३९० रुपये. त्यातले दहा टक्के, म्हणजे २,५०० रुपये स्वच्छतेवरच खर्च करायचे. राहिलेल्या साडेबावीस हजारांत वीजबिल, खडू, नोंदवह्या, इंटरनेट, खेळाचं साहित्य, नळाची गळती, तुटलेली खिडकी, सगळं बसवायचं. हे अनुदान पूर्ण आणि वेळेवर आलं तरची ही गोष्ट. अनेकदा दुसरा हप्ता मार्चच्या तोंडावर येतो आणि ३१ तारखेपर्यंत खर्च झाला नाही तर खर्चाची मंजूर मर्यादा काढून घेतली जाते. मार्चमध्ये शाळेत अचानक रंगाचे डबे का दिसतात, याचं उत्तर यात आहे. गरज पाण्याची असते, पण आठ दिवसांत बिलासह पूर्ण होणारं काम रंगाचंच असतं.

पोषण आहाराचाही हिशेब सांगून ठेवतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, आणि डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे. चौसष्टही मुलं आली तर दिवसाला ६ किलो ४०० ग्रॅम तांदूळ आणि ४३४ रुपये. एवढ्यात ताटात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं बसवायची आहेत. भाजी महाग झाली की आमटी पातळ होते, त्यात स्वयंपाक करणाऱ्या ताईंचा दोष नाही. ज्यांच्या शेतात-परसात भाजी आहे त्यांनी आठवड्यातून एकदा मेथीच्या पाच-सहा जुड्या, शेवग्याच्या शेंगा, लाल भोपळा असं काही सकाळी साडेनऊच्या आत शाळेत पोचवावं. शिजवलेलं अन्न परस्पर आणू नये. मुलांना वाढण्याआधी चव घेऊन नोंदवहीत सही करावी लागते, ती साखळी त्याने तुटते. वाढदिवस किंवा स्मृतिदिनानिमित्त जेवण द्यायचं असेल तर आदल्या दिवशी मुख्याध्यापकांना सांगा आणि शाळेच्याच स्वयंपाकघरात करा.

आता वर्गणी. यंदा समितीला ४६,००० रुपये उभे करायचे आहेत, तीन कामांसाठी.

सगळ्यात मोठं काम पाण्याचं. दिवसाच्या शाळेसाठी माणशी ४५ लिटर पाणी धरतात. ६४ मुलांना २,८८० लिटर लागतं. आपल्याकडे १,००० लिटरची एकच टाकी आहे आणि नळ दिवसाआड येतो. म्हणजे दोन दिवसांच्या ५,७६० लिटरच्या जागी हजार लिटर. दुपारनंतर मुलींच्या शौचालयात पाणी नसतं ते यामुळे, आणि चौथी-पाचवीच्या मुली जेवणाच्या सुट्टीत घरी गेल्या की परत येत नाहीत, तेही यामुळेच. २,००० लिटरची टाकी, विटांचा चौथरा, पाइप आणि हात धुण्यासाठी सहा नळ यांचा अंदाज २६,००० रुपये आहे. नळ वेगवेगळ्या उंचीवर बसवायचे, पहिलीचं पोर मोठ्यांच्या नळापर्यंत पोचत नाही.

मोठ्या टाकीनेही गरज निम्मीच भागेल, हे आधीच सांगतो. उरलेलं काम ग्रामपंचायतीचं आहे. १५ व्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिले होते, शाळेची नळजोडणी आणि शौचालय त्यात बसतं. पण त्यासाठी काम गावाच्या विकास आराखड्यात लिहिलेलं असावं लागतं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ‘शाळेला स्वतंत्र जोडणी व रोज पाणी’ हा विषय समिती लेखी देणार आहे. त्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर लाडू घेऊन घरी जाऊ नका. ग्रामसभेला थांबा. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि विषय पुढे ढकलला जातो, मग आराखड्यात तो राहूनच जातो.

दुसरं काम शौचालयाचे दोन दरवाजे, आतल्या कड्या आणि तुंबलेली मुतारीची नाली, ८,००० रुपये. दरवाजे पत्र्याचे नकोत, खालून दोन पावसाळ्यांत गंजतात. फायबरचे घेणार आहोत.

तिसरं काम वाचनाचं, १२,००० रुपये. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. सुधारणा आहे, पण चारातली तीन मुलं अजून मागेच. आपल्या शाळेचा वर्गवार तक्ता मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लावला आहे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. पाचवीतली काही मुलं अजून परिच्छेदावर अडतात. आपलं मूल कोणत्या रकान्यात आहे ते पालकांनी येऊन पाहावं, शिक्षकांना विचारावं. पाठ्यपुस्तक पाठ झालेलं असतं, त्यामुळे घरी धडाधड वाचणारं मूल नवं पान समोर आलं की थांबतं. त्यासाठी पानावर दोन-चार ओळी असलेली, मोठ्या टायपातली, चित्रांची गोष्टीची पुस्तकं हवीत. जाडजूड चरित्रं आणि सामान्यज्ञानाची पुस्तकं कपाटात भरपूर आहेत, आणखी देऊ नका.

पुस्तकांबरोबर माणसंही हवीत. बारावी झालेल्या, घरी असलेल्या मुलामुलींनी आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यावर पाऊण तास द्यावा. चार मुलांना गोल बसवायचं, एकाने वाचायचं, बाकीच्यांनी बोट ठेवून पाहायचं. चूक लगेच सांगायची नाही, वाक्य संपू द्यायचं. शिकवणी घ्यायची नाही, गृहपाठ तपासायचा नाही.

काय नको तेही लिहितो. पूर्वेकडच्या गळक्या खोलीसाठी कुणी पत्रे देऊ नका. तिच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती मोडीत काढण्याचा, प्रस्ताव तालुक्याला गेला आहे. आपण दुरुस्ती केली तर खोली वापरायोग्य असल्याचा शेरा बसेल, नव्या खोलीची मागणी मागे पडेल आणि धोका तसाच राहील. तोवर त्या खोलीत मुलं बसणार नाहीत. जुने संगणक नकोत, ते दुरुस्त करण्यात अनुदान जातं. फोटो आणि पक्षाचं चिन्ह छापलेली दप्तरं आणि वह्याही नकोत.

रोख रक्कम कुणाच्याही हातात देऊ नका, आमच्याही नाही. समितीच्या बँक खात्यावर धनादेशाने किंवा ऑनलाइन जमा करा. खातं अध्यक्ष आणि सचिव यांच्या संयुक्त सहीने चालतं. क्रमांक शाळेच्या फलकावर आहे आणि पावती शाळेतच मिळेल. समितीकडे ८०जी नोंदणी नाही, त्यामुळे पावतीवर आयकरात सूट मिळणार नाही. प्रत्येक खरेदीला तीन दरपत्रकं घेऊ, वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, चढेल, आणि बिलांच्या प्रती दर महिन्याच्या सभेनंतर फलकावर लागतील. बाहेरगावच्यांना वस्तूच द्यायची असेल तर केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर शाळेच्या नावापुढे हीच यादी टाकली आहे.

आणि पुन्हा पटाकडे. येत्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होणारं गावातलं, वस्तीवरचं, वीटभट्टीवरचं कोणतंही मूल अजून शाळेबाहेर असेल तर कळवा. आई-वडिलांकडे कागद नसले तरी प्रवेश होतो, कागद नंतर जमवता येतात. आधारच्या फेरीसाठी नावं मुख्याध्यापकांकडे या महिनाअखेरपर्यंत द्यावीत. फेरीला येताना मुलाला सोबत आणा, जन्मदाखल्याची मूळ प्रत घ्या आणि आई किंवा वडिलांचं आधारकार्ड. झेरॉक्सवर केंद्रात काम होत नाही, मागच्या खेपेला दोन पालक त्यापायीच परत आले.

आपली,
शाळा व्यवस्थापन समिती